शेतकामासाठी खिशातला चाकू: हजार-बाराशेत टिकाऊ काय मिळेल?

मळा_करवीर

नमस्कार मंडळी. शेतात रोज खिशात ठेवायला चाकू शोधायलोय. दोन एकर ऊस, अर्ध्या एकरात टोमॅटो आणि ढबू मिरची (ठिबक, मल्चिंग), तीन दुभती जनावरं, बांधाला आंबे. कामं अशी: खताची पोती उघडणे, सुतळी आणि नायलॉन दोरी कापणे, ठिबकची १६ मि.मी.ची नळी कापणे, टोमॅटोची बांधणी सोडवणे, वैरणीचे बंध तोडणे, अधूनमधून काडी छाटणे. जमलं तर पावसाळ्यात आंब्याची चार-दोन कलमं. बजेट हजार, ताणून बाराशे. ऑनलाइन बघितलं की दोनशेपासून वीस हजारापर्यंत सगळे चाकू "सर्जिकल स्टील"चेच. घडीचा घ्यावा की सरळ मुठीचा? गंजणारा की न गंजणारा? नेमकं सांगा राव.

उद्यमनगर_लेथ

"सर्जिकल स्टील" हे कुठल्याच स्टीलचं नाव नव्हे, ते पुडक्यावर छापायचं नाव आहे. पात्यात बघायचं ते कार्बन किती आणि पाणी कसं दिलंय (म्हणजे तापवून, विझवून कडक कसं केलंय), एवढंच. क्रोमियम गंज रोखतं, धार धरून ठेवायचं काम मुख्यतः कार्बन करतो.

ज्यावर नुसतं "स्टेनलेस" लिहिलेलं असतं तो स्वस्तातला चाकू बहुधा ४२०जे२ किंवा ३सीआर१३ चा. कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास. गंजणार नाही, पण धार जायला वेळ लागत नाही. ५सीआर१५एमओव्हीत साधारण ०.५ टक्के, १२सी२७ मध्ये ०.६, ८सीआर१३एमओव्हीत ०.८. तुमच्या कामाला या तिघांपैकी काहीही चालेल. नुसतं "४४०" लिहिलं असेल तर पुढचं अक्षर विचारा, कारण ४४०ए आणि ४४०सी यांच्या कार्बनमध्ये चांगलाच फरक आहे. अक्षर सांगता आलं नाही तर माल हातात घेऊन पारखल्याशिवाय पैसे देऊ नका.

कडकपणा ५६ ते ५८ एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप) मिळाला की बास. त्यापेक्षा कडक पातं शेतात तुटतं, शिवाय साध्या दगडावर धारेला येत नाही.

आणखी एक. दुकानात चुंबक घेऊन जा. पात्याला चुंबक चिकटत नसेल तर ते भांड्याकुंड्यांचं ३०४ स्टील, त्याला पाणी देताच येत नाही. चिकटलं म्हणजे चाकू चांगला, असं मात्र नाही. ४२०जे२ लाही चुंबक चिकटतं.

रंकाळा_वारा

बाराशेत डी२ स्टीलचे चिनी घडीचे चाकू मिळतात की. लायनर लॉक, बेअरिंगवर फिरणारं पातं, एका बोटानं उघडतात. धार महिनाभर टिकते. डोळे झाकून घ्या.

वारणेचा_गाळ

डोळे झाकून घेतला तर उघडल्यावर बोट शोधावं लागेल. 😀

लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतली एक पातळ पट्टी बाजूला सरकून पात्याच्या बुडाला टेकते, तेवढ्यावर पातं उघडं राहतं. शेतात त्या फटीत पाचटाचा भुसा, काळी माती, उसाचा चिकट रस जातो. रस वाळला की पट्टी पूर्ण सरकत नाही, नुसती कडेला टेकून थांबते. वरून लॉक लागल्यासारखं दिसतं, जोर आला की मिटतं. बेअरिंगचं तर विचारूच नका, बारीक गोळ्यांत आपली काळी माती गेली की आठवड्यात खरखर सुरू.

डी२ वाईट नाही. पण त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ना धड स्टेनलेस ना धड साधं. खताच्या पोत्यात घातलं की ठिपके पडतात. धार गेल्यावर साध्या दगडावर लावायला तासभर घासा, आणि दगडाखड्यावर आपटलं की कडेचे टवके. तो चाकू कार्डबोर्डचे खोके उघडणाऱ्यासाठी ठीक आहे.

जुना_जू

माझं मत थोडं वेगळं. आधी चाकूची कामं कमी करा, मग चाकू निवडा.

पोती उघडायला चाकू लागतच नाही. युरियाची ४५ किलोची पिशवी असो की डीएपीची ५० ची, तोंडाची शिवण साखळी टाक्याची असते. साखळी जिथं संपते त्या टोकाचा दोरा सोडवून ओढला की सगळी शिवण एका दमात उसवते. दुसऱ्या टोकाकडून ओढली तर गाठ बसते, म्हणून एका बाजूनं येत नसेल तर पोतं फिरवून दुसरं टोक बघायचं. पोतं अख्खं राहतं आणि पुन्हा कामाला येतं. चाकू पोटात खुपसून फाडलेलं पोतं दाण्यासकट सांडतं.

मल्चिंगच्या प्लास्टिकला भोक पाडायलाही चाकू नको. चाकूनं अधिक चिन्हासारखा काप दिला की वाऱ्यात त्याची टोकं फडफडतात आणि चीर पुढं पळत जाते. डब्याचं किंवा पाइपचं तोंड तापवून भोक पाडलं की कड वितळून गोल बसते, फाटत नाही.

ठिबकची नळी चाकूनं कापता येते, पण काप आडवा सरळ पाहिजे. तिरका झाला की जॉइनरमध्ये एका बाजूनं नळी पुरेशी आत जात नाही आणि दाब आला की तिथूनच गळती. हातात धरून कापण्यापेक्षा लाकडाच्या तुकड्यावर ठेवून कापा. आणि पीव्हीसी सबमेनला (नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपला) ग्रोमेटसाठी, म्हणजे रबरी कडीसाठी, भोक ड्रिलनंच पाडायचं. चाकूच्या टोकानं कोरलेलं भोक कधीच गोल होत नाही, ग्रोमेट बसतो पण पाणी थांबत नाही.

एवढं वजा केलं की चाकूला उरतात दोऱ्या, बंध, नळी आणि काडी. त्याला फार भारी हत्यार लागत नाही.

मळा_करवीर

काका, शिवणीचं माहीत नव्हतं. मग या उरलेल्या कामांना पातं केवढं आणि कसल्या आकाराचं?

जुना_जू

लांबी ७ ते ९ से.मी. जाडी पाठीला दोन मि.मी., फार तर अडीच. तीन-साडेतीन मि.मी.चं पातं मजबूत दिसतं, पण नळीत किंवा काडीत शिरताना पाचरीसारखं अडतं, मग माणूस जोर लावतो आणि चाकू सुटून हाताला लागतो. पातळ पातं बोथट असलं तरी जाड पात्यापेक्षा बरं कापतं.

आकाराचं म्हणाल तर टोक फार अणकुचीदार नको. पाठ खाली वळून धारेला मिळते आणि धार सरळ रेषेत असते, तो आकार दोरीला उत्तम. टोक खुपसत नाही, त्यामुळं जनावराच्या गळ्यातलं दावं कापायची वेळ आली तरी भीती नाही. पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं पातं बांधणी सोडवायला आणि काडी ओढून कापायला सगळ्यात चांगलं, पण सपाट दगडावर त्याला धार लागत नाही. गोल दांडीवर पॉलिश पेपर गुंडाळून लावावी लागते. करवती दात असलेलं पातं नायलॉनला झकास चालतं, दात झिजले की मात्र घरी काही करता येत नाही.

रोपवाटिका_ताई

कलमाचं काम या चाकूत मिसळू नका, एवढंच सांगायला आले.

कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट. त्यामुळं काडीवरचा तिरका काप आरशासारखा सपाट येतो. पाचर कलमाला काडीच्या टोकाला दोन्हीकडून चार-पाच से.मी.चे तिरके काप घ्यायचे आणि खुंटाच्या चिरेत बसवायचे. दोन्ही बाजूंनी धार असलेला खिशातला चाकू काप घेताना लाकडात खोल शिरतो किंवा बाहेर पळतो, मग कापावर लाट उमटते. लाट म्हणजे मध्ये पोकळी, पोकळीत पाणी, आणि कलम काळं पडून जातं. सालीखालचा हिरवा थर निदान एका बाजूनं जुळला पाहिजे, तो अशा कापात जुळतच नाही.

डोळा भरायचा असेल तर साल उचलायची बोथट पट्टी असलेला चाकू येतो. घेताना उजव्या हाताचा की डाव्या हाताचा ते बघा. डावखुऱ्या माणसाला उजव्या हाताचा कलम चाकू दिला तर सपाट बाजू नेमकी उलटी येते.

कलमं चार-दोनच करायची असतील तर निराळा स्वस्त कलम चाकू घ्या आणि त्यानं दुसरं काहीही कापू नका, सुतळीसुद्धा नाही.

चिकोत्रा_खोरे

+१ ताई.

मूळ प्रश्नावर: बाराशेत बसेल की नाही ते त्या दिवशीच्या दरावर, पण बघण्यासारखे तीन पर्याय.

पहिला ओपिनेल नंबर ८. फ्रान्सच्या सावोय भागातला, १८९० पासूनचा शेतकऱ्याचाच चाकू. पातं साडेआठ से.मी., दोन मि.मी.पेक्षा पातळ, मूठ बीच लाकडाची. लॉक म्हणजे नुसती एक फिरणारी कडी, १९५५ पासूनची. त्यात स्प्रिंग नाही, पट्टी नाही. माती गेली तर दिसते आणि पाण्याखाली धरली की निघते. कार्बनचा आणि स्टेनलेसचा (१२सी२७) असे दोन प्रकार मिळतात. आपल्याकडं स्टेनलेसच घ्या.

दुसरा मोरा कंपॅनियन, स्वीडनचा. घडीचा नाही, सरळ मुठीचा. पातं १०.४ से.मी., जाडी अडीच मि.मी., प्लास्टिकची म्यान कमरेला अडकते. सांधाच नाही म्हटल्यावर बिघडायचं काय? खिशात मात्र बसत नाही.

तिसरा कुणाला पटणार नाही. व्हिक्टोरिनॉक्सची भाजी चिरायची छोटी सुरी, ८ किंवा १० से.मी.ची. स्टील जवळपास त्याच जातीचं, जे त्यांच्या घडीच्या चाकूत वापरतात, कडकपणा ५५-५६ च्या घरात. किंमत घडीच्या चाकूच्या मानानं किरकोळ. तिला जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा तापवून चपटा करून म्यान करा. काडी, दोरी, नळी सगळं कापते. फक्त पिळायचं नाही, पातं पातळ आहे.

त्यांचाच "फार्मर" नावाचा घडीचा चाकू आहे, ९३ मि.मी.चा, लाकूड कापायच्या करवतीसकट. वस्तू उत्तम, पण तुमच्या बजेटच्या बरीच वर, आणि पात्याला लॉक नाही.

रंकाळा_वारा

ओपिनेलची लाकडी मूठ आपल्या पावसात फुगते हे सांगायचं राहिलं की. राधानगरी-गगनबावड्याकडं तर जून ते सप्टेंबर चाकू उघडणारच नाही.

चिकोत्रा_खोरे

बरोबर, फुगते. लाकूड फुगलं की पात्याची खाच आवळते आणि नखानं पातं निघत नाही. तेव्हा कडी मोकळी करून मुठीचा मागचा टोकेरी भाग लाकडावर ठोका, पात्याचं टोक थोडं वर येतं, ते चिमटीत धरून उघडा. पक्कडीनं ओढू नका.

कायमचा उपाय नवा असतानाच करायचा. चाकू दोन दिवस कोरड्या जागी उघडा ठेवा. खाचेच्या आतल्या दोन्ही बाजूंना पॉलिश पेपरची घडी घालून हलकं घासा, सांध्याजवळ थोडं जास्त. मग जवसाचं तेल खाचेत आणि सांध्याच्या लाकडात मुरवा, एक दिवस वाळू द्या, असं तीनदा. जवसाचं तेल वाळून घट्ट होतं आणि लाकडात पाणी शिरायला जागा उरत नाही. याच कारणानं ते लोखंडी सांध्यात जास्त सोडू नका, तिथंही घट्टच होईल.

उद्यमनगर_लेथ

तेलाचा विषय निघालाच आहे तर. घडीच्या चाकूच्या सांध्यात लोक घरातलं गोडंतेल सोडतात. शेंगतेल, करडई, सूर्यफूल ही तेलं हवेत हळूहळू डिंकासारखी होतात आणि सांधा जाम. खोबरेल तेवढं डिंक धरत नाही, पण २४ अंशाखाली थिजतं, म्हणजे थंडीत सकाळी चाकू कडक. ग्रीसला माती चिकटते. शिलाई मशीनचं पातळ तेल एक थेंब, तोही सांधा धुऊन वाळवल्यावर. डब्ल्यूडी-४० धुवायला चांगलं, वंगण म्हणून पुरत नाही.

आणि गंजाचं खरं कारण पाऊस नाही, खत आहे. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइड. ते ओल्या पात्यावर राहिलं तर स्टेनलेसलासुद्धा सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि एकदा खड्डा पडला की गंज आतून वाढतो. पोटॅशच्या पोत्याला लावलेला चाकू तसाच मिटून खिशात टाकायचा नाही. बादलीत बुडवून उघड-मीट करा, झटका, पुसा. अर्ध्या मिनिटाचं काम.

कार्बन स्टीलचा घेतलाच तर कैरी किंवा कांदा चिरून पात्याला सावळी झाक येऊ द्या, ती घासून काढू नका. ती असली की तांबडा गंज उशिरा धरतो. केळीचा चीक आणि आंब्याचा चीक पातं काळं करतो त्याला घाबरायचं कारण नाही. तांबडं दिसलं तर मात्र लगेच आठशेच्या पॉलिश पेपरला तेल लावून घासा.

मळा_करवीर

आणि गावातल्या लोहाराकडून करून घेतला तर? कमानपाट्याचा चाकू म्हणजे आयुष्यभर, असं सगळे म्हणतात.

उद्यमनगर_लेथ

कमानपाट्याचं लोखंड चांगलंच. कार्बन अर्धा-पाऊण टक्का, चिवट. अडचण दोन ठिकाणी येते.

एक म्हणजे जुन्या ट्रकचा पाटा लाखो वेळा वाकून सरळ झालेला असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात. घडवताना त्या दबतात, पाणी दिलं की उघडतात. छोट्या गाडीचा, कमी चाललेला पाटा आणा आणि भोकाजवळचा, वाकाजवळचा भाग सोडून तुकडा घ्या.

दुसरं पाणी. हे स्टील तेलात विझवायचं. आपल्याकडं सवयीनं पाण्यात बुडवतात, पातळ पातं तिथंच तडकतं किंवा वाकडं होतं. क्रम असा सांगा: पातं घडवून, घासून, धार लावायच्या आधी कड अर्धा-पाऊण मि.मी. जाड ठेवायची. लालभडक तापवून चुंबक लावायचं. चुंबक चिकटायचं थांबलं (साधारण ७७० अंश) की थोडं आणखी तापवून सरळ उभं तेलात बुडवायचं, आडवं नाही. थंड झाल्यावर पातं काचेसारखं ठिसूळ असतं, ते खाली पडू द्यायचं नाही. मग २०० अंशावर तासभर, दोनदा. घरच्या ओव्हनमध्ये होतं. ओव्हन नसेल तर पात्याचा एक भाग चकचकीत घासून पाठीकडून हळू तापवा. गव्हाळ पिवळा रंग कडेला आला की थांबा. निळा आला तर कड मऊ पडली, पुन्हा पहिल्यापासून.

लोहाराला घडीचा चाकू सांगू नका. सांधा आणि खाच जुळवणं वेगळं काम आहे. सरळ मुठीचा सांगा.

तिसराही मार्ग आहे: पॉवर हॅकसॉचं जुनं पातं. आमच्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात भंगारात मिळतं. पूर्ण हायस्पीड स्टीलचं असेल तर ते आधीच कडक असतं, तापवायचं-ठोकायचं काही नाही, ग्राइंडरवर आकार द्यायचा. घासताना निळं पडलं तरी धारेचा जीव जात नाही, कारण ते पाचशे अंशापर्यंत कडक राहतं. धार भलतीच टिकते. पण पिळलं की काडकन तुटतं, त्यामुळं पातं आखूड ठेवा. हातानं चालवायच्या हॅकसॉचं पातं घेऊन काही करू नका, त्यात बहुतेकदा दातांची कड तेवढी कडक, बाकी पट्टी मऊ, आणि दात घासून काढले की हातात नुसती पट्टी राहते.

रापी_आणि_टाका

म्यानाबद्दल. कोल्हापूरच्या सुभाषनगरात चामड्याचं काम करणारे बरेच आहेत, मोजमापाचं म्यान शिवून मिळतं. चप्पल करतात त्या सालीनं कमावलेल्या चामड्याचंच सांगा, दोन पदरांमध्ये धारेच्या बाजूला चामड्याची तिसरी पट्टी घालायला लावा. ती पट्टी नसली तर पातं पहिल्याच आठवड्यात टाके कापून बाहेर येतं. आणि चाकू रात्रभर म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरतं, पातं आतल्या आत गंजतं. म्यान कमरेला, चाकू खुंटीला.

वारणेचा_गाळ

दुकानात चाकू कसा पारखायचा ते कुणी सांगितलं नाही, लिहून ठेवतो.

उघडून उजेडाकडं धरा. पातं आणि मूठ यांच्यामधून एका बाजूनं जास्त उजेड दिसत असेल तर सांधा तिरका. मूठ एका हातात, पात्याची पाठ दुसऱ्या हाताच्या चिमटीत, डावी-उजवीकडं हलवा. मग वर-खाली. बाजूला हलणारं पातं स्क्रू आवळून सुधारतं, वर-खाली हलणारं सुधारत नाही, तो लॉकचा दोष. ठेवून द्या.

लॉक लावून पात्याची पाठ लाकडी काउंटरवर हलकी ठोका, बोटं मिटण्याच्या वाटेत न ठेवता. मिटलं तर विषय संपला.

मिटलेल्या अवस्थेत पातं खाचेच्या मधोमध आहे का? एका भिंतीला घासत असेल तर धार रोज उघडताना तिथंच जाते.

सांध्याला रिवेट आहे की स्क्रू? स्क्रू असेल तर त्याला लागणारी चांदणी-पान्याची चावी (टी६ किंवा टी८) त्याच दिवशी घ्या. स्क्रू रोजच्या वापरानं ढिला होतोच. पुसून, आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू धरून ठेवणाऱ्या डिंकाचा) अर्धा थेंब, नाहीतर घरातली नेलपॉलिश. रिवेट ढिली झाली तर ऐरणीवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीनं टोचल्यासारखे हलके ठोके, दर दोन ठोक्यांनी उघडून बघत. जास्त आवळलं की मग सोडवता येत नाही.

मुठीचा रंग: काळा, हिरवा, खाकी घेऊ नका. पाचटात पडला की गेला. लाल किंवा नारिंगी, नाहीतर भोकात लाल दोरी.

जुना_जू

रंगाचा मुद्दा नुसता हरवण्यापुरता नाही. चाकू वैरणीत पडला आणि पेंढीबरोबर कडबाकुट्टीत गेला तर कुट्टीची पाती तुटून अंगावर येतात.

त्याच कारणानं कटरबद्दल सांगतो. १८ मि.मी.चे तुटक्या पात्यांचे प्लास्टिक कटर शंभर-दीडशेत मिळतात आणि नळी, दोरी कापायला खरोखर चांगले. बोथट झालं की पुढचा तुकडा मोडायचा, नवी धार. पण तो मोडलेला तुकडा गोठ्यात, वैरणीत पडला तर जनावर चावून बघत नाही, गिळतं. लोखंड जाळीपोटात जाऊन बसतं आणि तिथून काळजापर्यंत टोचत जातं. तीन जनावरं आहेत म्हणालात. कटर ठेवायचाच तर ठिबकच्या पेटीत ठेवा, गोठ्यात नेऊ नका, आणि तुकडे झाकणाच्या डबीत मोडा.

मळा_करवीर

हे महत्त्वाचं. आता धार. रस्त्यावरचा चाकावर धार लावून देणारा येतो त्याच्याकडून लावली तर चालेल?

उद्यमनगर_लेथ

विळ्याला चालेल, पातळ चाकूला नको. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तिथं कडेचं तापमान क्षणात तीनशेच्या वर जातं. कड निळी दिसली की तेवढा भाग मऊ पडला, तो घासून संपेपर्यंत धार टिकणार नाही. घरीच लावा.

सामान: कार्बोरंडमचा दुतोंडी दगड, आठ इंची, एक बाजू जाड एक बारीक. पाण्याचा पॉलिश पेपर ८०० आणि १५००. एक फरशीचा सपाट तुकडा. जुना चामडी पट्टा.

दगड पाण्यात बुडवून ओल्या पोत्यावर ठेवा म्हणजे सरकत नाही. कोन बाजूला वीस अंश. कोनमापक नको: पात्याची रुंदी दोन से.मी. असेल तर पाठ दगडापासून सात मि.मी. वर पाहिजे, म्हणजे आपली साधी पेन्सिल पाठीखाली मावेल एवढी. एकदा पेन्सिल ठेवून बघा, काढा, तोच कोन हातात धरा. कडेला मार्कर पेन फासा आणि दोन हात मारा. शाई पाठीकडच्या बाजूची गेली तर पाठ थोडी उचला, अगदी टोकाची गेली तर खाली करा.

एका बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूला बोट लावून बघा (धारेवरून नाही, पाठीकडून धारेकडं). कडेला बारीक खरखरीत कोर लागते, कारखान्यात त्याला बर म्हणतात. बुडापासून टोकापर्यंत बर आली की बाजू बदला. इथंच बहुतेकांचं चुकतं: बर येण्याआधी बाजू बदलतात आणि तासभर घासूनही चाकू कापत नाही. दोन्हीकडून बर झाली की बारीक बाजू, मग फरशीवर ८०० चा ओला पेपर, प्रत्येक वेळी हात हलका करत. शेवटी पट्ट्यावर धार मागं ठेवून ओढायचं, एका बाजूला दहा-पंधरा वेळा. पट्ट्याला चांदीकामात चकाकीसाठी वापरतात तो हिरवा बफिंगचा साबण चोळा. हुपरीत सहज मिळेल, कोल्हापुरात गुजरीच्या आसपास विचारा.

दोरी-सुतळीला ८०० पर्यंतची धार पुरे, थोडी खरबरीत धार दोरीत जास्त चावते. १५०० आणि साबण कलमाच्या चाकूला.

उसाच्या पाल्यात वाळूसारखी सिलिका असते, ती धार खाते. त्यामुळं पाला कापायला विळाच, खिशातला चाकू नको.

रोपवाटिका_ताई

धुण्यापुसण्याबरोबर निर्जंतुक करणंही लिहा कुणीतरी. टोमॅटोत एका झाडाचा विषाणू किंवा जीवाणू चाकूवरून पुढच्या झाडाला जातो. बगलफूट तर चाकूनं काढूच नका, सकाळी बोटानं मोडते. रोगट दिसणारी झाडं शेवटी हाताळा. चाकू आधी पाण्यानं धुवा, चिकटलेल्या चिकावर औषध काम करत नाही. मग औषधाच्या दुकानातल्या ७० टक्के स्पिरिटमध्ये अर्धा मिनिट. ब्लीचिंगचं पाणी वापरलं तर पातं गंजतं. लायटरवर धरणारेही आहेत, पातळ कड तेवढ्यानंही मऊ पडते, आणि स्पिरिट लावून लगेच लायटर पेटवला तर हात भाजतो.

उसाच्या बेण्यालाही हेच. खोडव्याची वाढ खुंटवणारा आरएसडी कोयत्याच्या पात्यावरून पसरतो आणि उभ्या उसावर त्याचं ठळक लक्षण दिसत नाही. म्हणून बेणं तोडताना दर सरीला पातं बुडवायला स्पिरिटचा डबा जवळ ठेवा. मूलभूत बेण्याला ५० अंशाच्या पाण्यात दोन तास ठेवतात ते याच रोगासाठी.

रंकाळा_वारा

खिशात चाकू घेऊन शहरात आलं तर पोलिस अडवतात का? ९ इंचांचा काहीतरी नियम आहे ना?

चिकोत्रा_खोरे

शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, कारखान्याच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. आपण ८-९ से.मी.बद्दल बोलतोय, त्यामुळं तो प्रश्न नाही. पण सणावाराला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागतो, त्यात चाकू, सुऱ्या बाळगायलाही मनाई असते. यात्रेला, मोर्चाला, कोर्टात जाताना घरी ठेवा. विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही. बटण दाबून फटकन उघडणारा घेऊच नका, शेतात त्याचा उपयोग शून्य.

मळा_करवीर

ठरलं असं: लाल मुठीची व्हिक्टोरिनॉक्सची ८ से.मी.ची सुरी, पाइपचं म्यान. दुतोंडी दगड. आणि एक निराळा कलम चाकू. सगळं मिळून बाराशेच्या आत बसतंय असं दिसतंय. ओपिनेल पुढच्या वर्षी. एकच शंका, पाइप तापवून चपटा करताना सुरी आत ठेवूनच दाबायचा का?

चिकोत्रा_खोरे

नाही नाही, सुरी बाहेर! गरम पीव्हीसीत पातं घातलं तर चिकटेल आणि मूठही वितळेल. पात्याच्या मापाची अडीच-तीन मि.मी. जाड लाकडी पट्टी करून ती आत घाला, दोन फळ्यांमध्ये दाबा, थंड झाल्यावर पट्टी काढा. तापवायला गरम हवेची गन किंवा उकळतं पाणी. सरळ ज्योतीवर धरू नका, पीव्हीसी करपलं की त्याचा धूर घशाला लागतो. खालचं टोक पूर्ण बंद करू नका, पाणी निथळायला फट ठेवा. तोंडाशी पाइप थोडा जास्त दाबा म्हणजे आपण वाकलो तरी सुरी पडत नाही.